पंपिंग तेवढंच आहे, मग बाबांचा दम कमी कसा झाला? (हार्ट फेल्युअर, चालणं आणि रक्तवाहिन्या)

चिंचगुळ
नमस्कार मंडळी, हार्ट पेशंटच्या पथ्यपाण्यावर इथे ढिगाने धागे आहेत पण हार्ट फेल्युअरवाल्यांच्या व्यायामावर काही सापडलं नाही म्हणून नवीन काढतेय, आधीचा असेल तर लिंक द्या.

बाबा ६८ वर्षांचे, अटॅक येऊन गेलेला, एक स्टेंट, नंतर हळूहळू पायांना सूज, रात्री दोन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, इको (हार्टची सोनोग्राफी) केला तर पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हार्ट आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतं तो आकडा, ३०. गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली, पण डिस्चार्ज कार्डावर व्यायामाबद्दल एकच ओळ, 'जास्त श्रम टाळावेत'. म्हणजे नेमकं काय टाळायचं? आईने त्याचा अर्थ लावला की बाबांनी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलायचा नाही. नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तपासण्या करून फिजिओकडे पाठवलं आणि मग बाबांचं चालणं सुरू झालं, आधी बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये, मग खाली आवारात.

तर परवाचा इको आला, पंपिंग ३२. आई हिरमुसली, एवढं चालून दोनच टक्के? डॉक्टर म्हणाले की दोन टक्क्यांचा फरक मोजणाऱ्याच्या हातातही असतो, ते तेवढंच आहे असं धरा. पण हेच बाबा आधी पहिल्या मजल्यावर कठड्याला धरून उभे राहायचे आणि आता दुसऱ्या मजल्यावर थेट येतात, वर आल्यावर बोलूही शकतात! म्हणजे हार्ट तेवढंच ढकलतंय आणि माणूस जास्त चालतोय. हे गणित डोक्यात बसेना म्हणून बरंच वाचलं, डॉक्टरांनाही पिडलं.

थोडक्यात जे कळलं ते असं. हार्ट फेल्युअरमध्ये हार्ट कमकुवत असतं हे खरंच, पण दम लागणं आणि पाय भरून येणं हे सगळंच्या सगळं हार्टमुळे नसतं. अर्धी भानगड रक्तवाहिन्यांत आणि पायांच्या स्नायूंत असते. रक्तवाहिनी म्हणजे नुसता नळाचा पाईप नव्हे, तिला आतून पेशींचा एकपदरी थर असतो, एन्डोथेलियम. रक्त जोरात वाहायला लागलं की त्या थराला ते घासून जाणं जाणवतं, तो नायट्रिक ऑक्साईड नावाचा वायू सोडतो, त्याने वाहिनीच्या भिंतीतला स्नायू सैल पडतो, वाहिनी रुंदावते आणि स्नायूला जास्त रक्त मिळतं. आपण जिना चढायला लागलो की पायात हे आपोआप होतं.

हार्ट फेल्युअरमध्ये प्रवाहच मंद, त्यात शरीर घाबरून अँजिओटेन्सिन, अ‍ॅड्रिनलिनसारखी रसायनं सोडत राहतं, ती वाहिन्या आवळतात, आतला थर बिघडतो, नायट्रिक ऑक्साईड कमी बनतो आणि जो बनतो तोही लवकर नासतो. म्हणजे पायाला रक्त हवंय आणि वाहिनी उघडायला तयार नाही. शिवाय आवळलेल्या वाहिन्यांत रक्त ढकलायला त्याच दमलेल्या हार्टला जास्त जोर लावावा लागतो.

आणि नियमित चालणं, सायकल यांनी हा थर सुधारतो. जर्मनीतल्या लाइपझिगच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये २० पेशंटवर अभ्यास छापला होता, निम्म्यांना ६ महिने सायकलिंग आणि बाकीचे नेहमीसारखे. सायकलवाल्यांच्या पायातल्या वाहिन्या चांगल्या उघडायला लागल्या आणि शरीराची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता २६ टक्क्यांनी वाढली. ज्यांचा पायातला रक्तप्रवाह जास्त सुधारला त्यांची क्षमताही जास्त वाढली. हे वाचल्यावर मला बाबांचा जिना कळला.

इथे कुणाच्या घरी असा अनुभव आहे का? आणि कुणी डॉक्टर, फिजिओ असाल तर माझं काही चुकत असेल तर सांगा.

उगाचशंका
सॉरी पण मला हे धोक्याचं वाटतंय. पंपिंग ३० म्हणजे ७० टक्के हार्ट गेलेलं, त्या माणसाला चालायला लावायचं? माझ्या काकांना ८५-८६ साली डॉक्टरांनी सक्त बेडरेस्ट सांगितली होती, तेव्हाचे डॉक्टर काय मूर्ख होते का?

फिजिओताई
@उगाचशंका ३० म्हणजे ७० टक्के गेलं असं नसतं हो. धडधाकट माणसाचंही १०० नसतं, ५५-६०-६५ असं काहीतरी असतं. प्रत्येक ठोक्याला डावा कप्पा आतल्या रक्तापैकी किती बाहेर टाकतो त्याची ती टक्केवारी आहे. थोडं रक्त आत राहतंच.

आणि काकांचे डॉक्टर अजिबात मूर्ख नव्हते, तेव्हाची पद्धतच ती होती. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातून आणि १९९० मध्ये ऑक्सफर्डमधून अशा पेशंटना व्यायाम दिल्याचे निकाल आले, तिथून वारं फिरलं. आज युरोपच्या आणि अमेरिकेच्या दोन्ही गाईडलाइन्समध्ये स्थिर पेशंटला व्यायामाची शिफारस सगळ्यात वरच्या दर्जाची आहे. 'स्थिर' हा शब्द मात्र कृपया अधोरेखित करून वाचा.

@चिंचगुळ छान लिहिलंय, चुकलेलं काही नाही. एक भर घालते. पायांचे स्नायूही बदलतात. बिछान्यात पडून राहिलं की मांड्या बघता बघता उतरतात आणि स्नायूतल्या ऑक्सिजन वापरणाऱ्या यंत्रणा मंदावतात. व्यायामाने दोन्ही सुधारतं, वाहिनी रक्त आणून देते आणि स्नायू ते वापरतो. म्हणून पंपिंगचा आकडा आणि माणूस किती चालू शकतो यांचा संबंध फार कच्चा असतो. माझ्याकडे २५ वाले आवारात तीन चकरा मारणारे आहेत आणि ४० वाले खुर्चीतून उठताना धापा टाकणारे आहेत.

मुळा_मुठा
वाचतेय. एक प्रश्न, ही वाहिनी उघडते का नाही ते मोजतात कसं? अँजिओ?

चिंचगुळ
@मुळा_मुठा नाही, एक साधी पद्धत आहे, त्यात सुईसुद्धा नाही. हाताला बीपीचा पट्टा बांधून ५ मिनिटं करकचून फुगवून ठेवतात, रक्त थांबतं, हात पांढरा पडतो, मुंग्या येतात. मग पट्टा एकदम सोडतात, रक्त धाडकन येतं, आणि त्याच वेळी दंडातल्या धमनीवर सोनोग्राफीचा प्रोब धरून ती किती रुंदावली ते बघतात. थर धडधाकट असेल तर ती चांगली फुलते, बिघडलेला असेल तर ढिम्म. ही पद्धत १९९२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी मांडली. आपल्याकडे नेहमीच्या तपासणीत करत नाहीत, रिसर्चपुरतीच आहे, त्यामुळे लॅबमध्ये जाऊन मागू नका.

पायवाट
माझे वडील सॉर्बिट्रेट खिशात ठेवून फिरायचे, छातीत कळ आली की जिभेखाली. ती गोळीपण हेच करते ना?

फिजिओताई
@पायवाट बरोब्बर. सॉर्बिट्रेट, नायट्रोग्लिसरीन ही औषधं शरीरात शेवटी नायट्रिक ऑक्साईडच देतात. गंमत म्हणजे नायट्रोग्लिसरीन शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे आणि ते काम कसं करतं हे १९७७ नंतर उलगडायला लागलं. डायनामाइटवाल्या आल्फ्रेड नोबेललाही शेवटच्या आजारपणात डॉक्टरांनी हेच औषध दिलं होतं आणि तो त्या योगायोगावर एका पत्रात हसलाय. १९९८ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना याच वायूच्या शोधाबद्दल मिळालं. फर्चगॉटचा १९८० चा प्रयोग तर भारीच आहे, सशाच्या महाधमनीच्या पट्ट्या औषधाने कधी सैल पडायच्या कधी पडायच्याच नाहीत, शेवटी कळलं की ज्यांचा आतला थर हाताळताना घासून गेलाय त्या पडत नाहीत.

विषय निघालाच आहे तर, सॉर्बिट्रेटवाल्यांनी व्हायग्रासारखी गोळी अजिबात घेऊ नये, बीपी धाडकन पडून जीव जाऊ शकतो. लाजेपोटी डॉक्टरला कुणी विचारत नाही म्हणून इथे लिहिलं.

उगाचशंका
बरं मान्य, पण २० पेशंटचा अभ्यास म्हणजे काय? आमच्या मजल्यावर त्याहून जास्त माणसं राहतात. आणि व्यायामाने माणसं जास्त जगतात असं कुठे सिद्ध झालंय का?

चिंचगुळ
@उगाचशंका हा प्रश्न बरोबर आहे. वाहिन्यांवरचे अभ्यास बहुतेक असेच छोटे आहेत, दहा, वीस, तीस पेशंट. पण वेगवेगळ्या गावांत वेगवेगळ्या पद्धतीने तेच दिसलंय. मला सगळ्यात आवडलेला २००१ चा, पुन्हा लाइपझिगचाच, त्यात ४ आठवडे फक्त पायांनी सायकल मारून घेतली आणि मोजलं मनगटाजवळच्या धमनीत. हाताला काही काम नसताना हातातली वाहिनी सुधारली! म्हणजे फायदा सगळ्या अंगात पोचतो.

जगण्यामरण्याचं बघायला मोठा अभ्यास झाला तो २००९ चा एचएफ-अ‍ॅक्शन, अमेरिका, कॅनडा, फ्रान्स मिळून २३३१ पेशंट, पंपिंग ३५ किंवा कमी. मृत्यू किंवा अ‍ॅडमिट होणं हे दोन्ही मिळून बघितलं तर व्यायामवाल्यांत थोडं कमी निघालं पण फरक ठामपणे म्हणण्याइतका नव्हता, पेशंटच्या आधीच्या तब्येतीचा हिशोब धरल्यावर माफक फायदा दिसला. रोजचं जगणं सुधारलं आणि मुख्य म्हणजे व्यायाम सुरक्षित ठरला. ठरवलेली मिनिटं पुरी करणारे तिथेही कमीच होते म्हणा, म्हणजे आळस काही आपलीच मक्तेदारी नाही. तेव्हा चालल्याने आयुष्य वाढतं असं मी म्हणणार नाही, आहे ते आयुष्य जिना चढून घरी येण्याइतकं होतं, मला सध्या तेवढं पुरे.

ऑफिसातूनच
इंटरव्हल ट्रेनिंगचं काय? माझ्या भावाने व्हिडिओ बघून सासऱ्यांना ४ मिनिटं जोरात ४ मिनिटं हळू असं सुरू करून दिलंय. त्यात म्हणे नॉर्वेमध्ये चमत्कार झालाय.

फिजिओताई
अरे देवा. आधी थांबवा, मग वाचा.

नॉर्वेचा अभ्यास खरा आहे. ट्रॉन्डहाइम, २००७, २७ पेशंट, सरासरी वय ७५. चार मिनिटं कमाल ठोक्यांच्या ९०-९५ टक्क्यांपर्यंत, मध्ये हळू, असं चार वेळा. ऑक्सिजन क्षमता ४६ टक्के वाढली, साध्या चालण्याच्या गटात १४ टक्के, वाहिन्याही जास्त सुधारल्या. सगळं जग नाचलं. मग युरोपात नऊ ठिकाणी २६१ पेशंटवर तेच करून बघितलं, निकाल २०१७ मध्ये आला, इंटरव्हल साध्या सलग व्यायामापेक्षा सरस नाही. बऱ्याच जणांना ठरलेला जोर गाठताच आला नाही. म्हणजे तिथेही देखरेखीखाली हे साधत नसेल तर सासरे गॅलरीत एकटे काय करणार?

दुसरं, घड्याळावरचे ठोके बघून जोर ठरवू नका. बहुतेक सगळे पेशंट बीटा ब्लॉकरवर असतात (नावाच्या शेवटी 'लोल' असलेली गोळी), त्याने ठोके फारसे वाढत नाहीत. २२० वजा वय वगैरे सूत्र इथे बाद. ज्यांना आयसीडी (ठोके बिघडले की आतून शॉक देणारं छोटं मशीन) बसवलाय त्यांचे ठोके त्या मशीनच्या शॉकच्या मर्यादेच्या बरेच खाली राहायला हवेत, ती मर्यादा किती ते डॉक्टरकडून लिहून घ्या.

मग जोर कसा मोजायचा, तर स्वतःला विचारून. बोर्ग स्केल म्हणून ६ ते २० चा एक तक्ता असतो, ६ म्हणजे नुसते बसलोय, २० म्हणजे आता मेलो. आपल्याला ११ ते १३ च्या आसपास राहायचंय, थोडा दम पण झेपतोय असं. तक्ता नको असेल तर बोलून बघा, चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, गाणं म्हणता येऊ नये.

चिंचगुळ
आमच्याकडे बाबा सतराचा पाढा म्हणतात. 'सतरा साते एकोणीसासे'पाशी धाप लागली की वेग कमी करायचा. पॅसेजच्या दोन टोकांना दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वाटेत कुठेही बसायची सोय म्हणून. शेजारच्या आजी दार उघडून पाढा चुकला की सांगतात.

वऱ्हाडीठेचा
आमच्या इकडे नागपुरात मे महिन्यात चालणार कुठे भाऊ, सकाळी सहालाच भाजते. आमचे मामा प्राणायाम आन आसनं करतात, तेवढं पुरत नाही का? चालाचंच कायले पाहिजे?

फिजिओताई
@वऱ्हाडीठेचा आसनं चांगलीच आहेत, श्वास, बीपी, मन सगळ्याला. पण वाहिनीला रक्ताचं ते घासून जाणं हवंय, आणि ते मांड्या-पोटऱ्यांसारखे मोठे स्नायू सलग काही मिनिटं हलले की होतं. बसून होत नाही. मामांनी घरात कूलरच्या खोलीत जागच्या जागी पावलं टाकली तरी चालेल, किंवा व्यायामाची जागेवरची सायकल. श्वास रोखून धरायचे प्रकार आणि डोकं खाली पाय वर आसनं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय नको.

जर्सीतलीगाय
न्यू जर्सीतून. माझ्या मावससासऱ्यांना इथे कार्डिअ‍ॅक रिहॅबला (हार्ट पेशंटचा देखरेखीखालचा व्यायाम) पाठवलं होतं. पंपिंग ३५ किंवा कमी असलेल्या स्थिर हार्ट फेल्युअर पेशंटसाठी मेडिकेअर (इथला ज्येष्ठांसाठीचा सरकारी विमा) २०१४ पासून ३६ सेशन देतं. छातीला वायर लावून ट्रेडमिल, बाजूला नर्स. आधी आजोबा जायला तयार नव्हते, मग तिथे एक गुजराती काका भेटले, आता सेशन संपली तरी दोघं मॉलमध्ये चालायला जातात. भारतात अशी सोय कुठे आहे का?

फिजिओताई
@जर्सीतलीगाय मोठ्या शहरांतल्या काही हॉस्पिटलांत आहे, पण तालुक्याच्या गावी विचारूच नका. आणि आपल्याकडे गरज उलट जास्त आहे. त्रिवेंद्रमच्या हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत २०१३ मध्ये १२०५ पेशंट नोंदले, सरासरी वय ६१, म्हणजे अमेरिका-युरोपपेक्षा आपली माणसं साधारण दहा वर्षं आधीच इथे पोचतात. म्हणून घरच्या घरी करायचं तर निदान सुरुवात तरी कुणाच्या तरी नजरेखाली करा. ६ मिनिटांची चालण्याची टेस्ट असते, ३० मीटरचा पॅसेज, बोटाला ऑक्सिमीटर, ६ मिनिटांत माणूस किती मीटर जातो ते मोजायचं. खर्च जवळपास शून्य. तीन महिन्यांनी परत करा, इकोपेक्षा ह्या आकड्याने घरातले जास्त खूश होतात.

मुळा_मुठा
माझ्या आईचं वेगळंच आहे. पंपिंग ६०, तरी हार्ट फेल्युअर म्हणतात! बीपी, शुगर, वजन तिन्ही आहे. हार्ट कडक झालंय म्हणे. तिलाही हे वाहिन्यांचं लागू होतं का?

चिंचगुळ
@मुळा_मुठा त्यावर वाचलंय आणि उत्तर जरा गोंधळात टाकणारं आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत ६३ वयस्कर पेशंटवर, पंपिंग चांगलं असलेल्या, १६ आठवडे व्यायाम देऊन बघितला. ऑक्सिजन क्षमता वाढली, पण ती पट्ट्याची टेस्ट केली तर वाहिन्यांत काही फरक नाही! म्हणजे तिथे फायदा बहुतेक स्नायूंतून येत असणार. तेव्हा माझी वाहिन्यांची गोष्ट कमी पंपिंगवाल्यांना जास्त लागू आहे. आईंनी चालायचं मात्र आहेच, फायदा कुठल्या दाराने आला याच्याशी त्यांना काय करायचंय.

पायवाट
बीटाच्या रसाने नायट्रिक ऑक्साईड वाढतो असं ग्रुपवर आलंय. रोज ग्लासभर चालू करावा का?

फिजिओताई
@पायवाट बीटात नायट्रेट असतं हे खरं. पण हार्ट फेल्युअरवाले बरेचदा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्यांवर असतात आणि बीट, नारळपाणी, मोसंबीचा रस या सगळ्यांत पोटॅशियम भरपूर. किडनी जरा कमी असेल तर पोटॅशियम चढून ठोके बिघडतात. कोशिंबिरीत बीट खा, ग्लासाने रतीब लावू नका. आणि दिवसभराच्या पाण्याला मर्यादा सांगितली असेल तर रससुद्धा त्यातच मोजायचा.

ऑफिसातूनच
भावाला झापलंय. सासरे म्हणे खूश आहेत, सुटलो म्हणाले. आता ताई, साधं चालणं सुरू करायचं तर कधी करायचं नाही तेवढं एकदा सांगा, फॅमिली ग्रुपवर टाकतो.

फिजिओताई
दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, सूज वाढली, रात्री उशी जास्त लागायला लागली, तर चालायचं नाही, डॉक्टरला फोन. वजन रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर. ताप असेल, छातीत दुखत असेल, ठोके वेडेवाकडे पडत असतील, बसल्या जागी धाप लागत असेल तर त्या दिवशी सुट्टी. चालताना छातीत दुखलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच बसायचं, एकट्याने घरी चालत यायचं नाही. व्हॉल्व्ह फार आवळलेला असेल किंवा हार्टला नुकतीच सूज येऊन गेली असेल तर डॉक्टरने हो म्हणेपर्यंत व्यायामाचा विषय नाही.

बाकी जेवल्यावर तास-दीड तास जाऊ द्या. लघवीच्या गोळीची वेळ बघून बाहेर पडा, नाहीतर आजोबा वाटेत अडकतात आणि दुसऱ्या दिवसापासून चालणंच बंद करतात, हे कारण मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. सुरुवात ५ मिनिटांनी झाली तरी चालेल, दिवसातून दोन-तीनदा. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर. थांबताना एकदम थांबू नका, शेवटची काही मिनिटं रमतगमत, कारण या गोळ्यांवर बीपी आधीच खाली असतं.

उगाचशंका
शेवटचा प्रश्न. गावी लग्नाला जाऊन महिनाभर राहिलं, चालणं सुटलं, तर कमावलेलं राहतं का?

चिंचगुळ
नाही राहत हो, तेच तर दुखणं आहे. १९९६ चा जर्मनीचाच एक अभ्यास आहे, पेशंटना ४ आठवडे रोज मुठीने दाबायचा व्यायाम दिला, हातातली वाहिनी छान उघडायला लागली, आणि बंद केल्यावर ६ आठवड्यांनी बघितलं तर पुन्हा पहिल्यासारखी. आईला हे सांगितल्यापासून बाबांची लग्नांना जाण्याची यादी ती कापतेय.

आता माझा प्रश्न @फिजिओताई. बाबांना जोर चढलाय, म्हणतात आषाढीच्या पालखीत पुण्याहून सासवडपर्यंत चालणार, आधी दरवर्षी जायचे. काय सांगू?

फिजिओताई
दिवे घाट? नाही. चढ, गर्दी, ऊन, त्यात गर्दीला मागे टाकून कडेला बसता येत नाही, आणि घामाने पाणी गेलं की लघवीच्या गोळीमुळे बीपी खाली. जायचंच असेल तर गाडीने सासवड गाठा आणि तिथे सकाळच्या गारव्यात सपाटीवर, आज आवारात जेवढं चालतात तेवढंच, बरोबर माणूस, खिशात सॉर्बिट्रेट आणि गोळ्यांची यादी. तेही डॉक्टर हो म्हणाले तरच.

चिंचगुळ
विचारून बघते. बाबा ऐकतील, माऊलींचं नाव घेतल्यावर आईच ऐकणार नाही, तिला पण यायचंय.

वऱ्हाडीठेचा
मामांनी कूलरपुढे पावलं टाकणं सुरू केलं. मामी म्हणते कूलरची हवा सगळी तेच खातात.